लेबलवर सर्जिकल स्पिरिट, कॅनमध्ये मिथेनॉल

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील आमचे मंडळ आजारी माणसांना खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या विनामूल्य वापरायला देते आणि परत आलेली प्रत्येक वस्तू स्पिरिटने पुसूनच पुढच्या घरी पाठवते. त्यासाठी बेळगावहून टेम्पोने माल पोहोचवणाऱ्या एका विक्रेत्याकडून आम्ही पाच लिटरचे काही कॅन घेतले होते. लेबलवर ‘सर्जिकल स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्के, त्वचा व उपकरणांच्या निर्जंतुकीकरणासाठी’ असा स्पष्ट मजकूर होता.

खाटा पुसणाऱ्या मुलांचे डोके दुखू लागले, एकाला चक्कर आली, तेव्हा ओळखीच्या औषध दुकानदाराने ते लेबल नीट वाचले. बॅच क्रमांक होता, तारीख होती; औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक मात्र कुठेच नव्हता आणि त्या जागी ठळक अक्षरांत जीएसटी क्रमांक छापला होता. जीएसटी क्रमांक म्हणजे कराची नोंदणी, औषध बनवण्याची परवानगी नव्हे, हे सामान्य ग्राहकाच्या ध्यानात येत नाही. छापणाऱ्याच्या मात्र ते पक्के ध्यानात असते.

विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, “काका, ते औषध नव्हेच, साफसफाईचं लिक्विड आहे.” त्वचेच्या निर्जंतुकीकरणाचा दावा दाखवून दिल्यावर त्याने सूर बदलला आणि बिल कोल्हापूर जिल्ह्यातले असल्याने तक्रार तिकडेच करा, असे सुनावले. सीमाभागातल्या माणसाला हे उत्तर नवे नाही. परंतु औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा केंद्राचा कायदा असून तो निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच लागू आहे, आणि विक्री आमच्या गावात झाली असल्याने कर्नाटकाच्या औषध निरीक्षकांना कारवाईचा पूर्ण अधिकार होता. विहित तपशील नसलेले किंवा खोटा दावा करणारे लेबल असलेले औषध याच कायद्याच्या कलम १७ नुसार ‘मिसब्रँडेड’ ठरते.

आम्ही बेळगावात लेखी तक्रार दिली. शेजाऱ्यांनी ती कन्नडमध्ये लिहून दिल्याने काम सोपे झाले. निरीक्षकांनी उघडलेल्या कॅनला हातही लावला नाही. सीलबंद कॅनमधून नमुना घेऊन त्याचे चार भाग केले, प्रत्येकाला मोहोर लावली आणि एक भाग आमच्याकडे ठेवला. विश्लेषकाच्या अहवालात मिथेनॉल आढळले. हा पदार्थ श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जातो, जास्त प्रमाणात गेल्यास दृष्टी हिरावतो, आणि निव्वळ वासावरून तो ओळखता येत नाही.

पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. माल कोणाकडून घेतला हे निरीक्षकांना सांगणे विक्रेत्यावर कलम १८ए नुसार बंधनकारक असल्याने त्याने एका घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवले असून चौकशी आता तिथे पोहोचली आहे. असे कॅन कोणाकडे आले असतील, तर त्यांचा वापर थांबवावा, किमान एक कॅन न उघडता बिलासह जपून ठेवावा आणि तक्रार करावी. स्वतः विकत घेतलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कलम २६ ने कोणाही ग्राहकाला दिलेला आहे.