कॅश गेम की टूर्नामेंट?
पोकरवर पोट भरायचं तर दोन वाटा. नाव होतं ते टूर्नामेंटमुळे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेच्या मेन इव्हेंटला पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. पण तिथे ब्लाइंड्स, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या पैजा, वाढत जातात, बहुतेक जण रिकाम्या हाताने उठतात. कसलेल्या खेळाडूचंही अख्खं वर्ष कोरडं जाऊ शकतं, म्हणून कित्येक व्यावसायिक खेळाडू बक्षिसातला हिस्सा आधीच विकून प्रवेश फी उभी करतात.

कॅश गेममध्ये चिप म्हणजे रोख पैसा. ब्लाइंड्स ठरलेले, डोकं थकलं की उठून जाता येतं. रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, मात्र सतत कापला जातो, तो भरून काढण्याइतका खेळ हवाच. घरखर्च याच कमाईवर असेल तर मी कॅश गेमच निवडायला सांगेन.