किडनीत गाठ निघाली: थोडी काढायची, अख्खी काढायची की थांबायचं?

दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी केली आणि किडनीत गाठ दिसली, हल्ली बऱ्याच जणांचं असंच होतं. मग घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते अख्खी काढून मोकळे व्हा, दुसरी म्हणते हात लावू नका. भांडण्याआधी सीटी रिपोर्टमध्ये साईज बघा.

४ सेंमीच्या आतली असेल तर माझं मत सरळ पार्शलला. यात गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून उरलेली किडनी शिवतात. कॅन्सरच्या हिशोबाने रिझल्ट अख्खी काढण्याइतकाच चांगला, वर किडनीचं काम टिकतं, ज्याला शुगर-बीपी आहे त्याला तर हे फारच महत्त्वाचं. पण ऑपरेशन किचकट, बऱ्याचदा रक्तवाहिनीला क्लॅम्प लावून रक्त बंद करतात आणि साधारण २५-३० मिनिटांच्या आत गाठ काढून टाके घालायचे असतात, नंतर रक्तस्राव किंवा लघवी लीक व्हायची रिस्कही जास्त, त्यामुळे सर्जनला तुम्ही अशी किती करता हे बिनधास्त विचारा. ४ ते ७ सेंमीमध्येही जमत असेल तर पार्शलच बघतात. गाठ फार मोठी, अगदी मधोमध किंवा शिरेत घुसलेली असेल तर मात्र बहुतेक वेळा अख्खीच काढावी लागते. दुसरी धड असेल तर एका किडनीवर नीट जगता येतं, फक्त क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारे रक्ततपासणीचे आकडे) आधी बघून घ्या.

ॲब्लेशन म्हणजे सुई घालून गाठ गोठवायची किंवा जाळायची. ३ सेंमीपर्यंत ठीक, भूल झेपणार नाही अशांना बरं, पण तिथेच परत उगवायची शक्यता ऑपरेशनपेक्षा जास्त.

आणि थांबणं? वय ७५-८०, हार्टचा त्रास, गाठ २ सेंमीच्या आत, तर मी थांबण्याच्या बाजूने. अशा गाठी सरासरी वर्षाला ३ मिमीच्या आसपास वाढतात, आणि छोट्या गाठींत साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच (बायोप्सीचं विचाराच). मात्र स्कॅन वेळच्या वेळी व्हायलाच हवेत, सुरुवातीला दर ३ ते ६ महिन्यांनी. चाळिशीतल्या तब्येतीने ठणठणीत माणसाला हा पर्याय मी तरी सुचवणार नाही.

कॅन्सर किडनीबाहेर पसरला असेल तर गणितच वेगळं. नेहमीची केमो इथे फारशी चालत नाही, इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) सलाईन आणि सुनिटिनिब, ॲक्सिटिनिबसारख्या गोळ्या, बहुतेकदा दोन औषधं एकत्र. गोळ्यांनी बीपी वाढतं, तळहात-तळपाय सोलतात, जुलाब होतात, आणि इम्युनोथेरपीत थायरॉईड, आतडी, फुप्फुसांना सूज येऊ शकते, म्हणून नवा खोकला किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.