चित्त्यांचे खासगी उद्यान: पाहावे, पण सफारी समजून नव्हे

नौपाड्यातील एका सहल कंपनीबरोबर केलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सहलीत तिथल्या एका खासगी चित्ता उद्यानाची भेट समाविष्ट होती. कार्यक्रमपत्रिकेत तिला ‘चित्ता सफारी’ म्हटले होते, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे. तिथले चित्ते कुंपणाआड जन्मलेले असून प्रवाशांना उघड्या ट्रकमधून एका आवारातून दुसऱ्या आवारात फिरवले जाते. मोकळ्या रानातला चित्ता पाहायचा असेल, तर क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जावे. तिथेही तो दिसेलच असे नाही.

तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. येऊरच्या बिबट्याच्या बातम्या ऐकत आलेल्या आम्हा ठाणेकरांना चित्त्याचे भरीव ठिपके, डोळ्यांपासून तोंडाकडे उतरणाऱ्या काळ्या रेषा आणि पूर्णपणे आत न जाणारी नखे इतक्या जवळून पाहायला मिळाली की, या दोन प्राण्यांची गल्लत पुन्हा होणे नाही. मार्गदर्शकाने सर्वाधिक वेळ पैदाशीवर घालवला आणि तोच भाग उत्तम झाला. नर सतत नजरेसमोर असतील तर मादी बहुधा माजावर येत नाही, म्हणून त्यांची आवारे दूर ठेवलेली होती. अकबराने शिकारीसाठी शेकडो चित्ते पाळले, पण बंदिवासात पिल्ले झाल्याची नोंद जहांगीराच्या काळात एकदाच सापडते आणि त्यानंतरची थेट १९५६ सालची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेमागचे कष्ट कळतात.

मोटरने ओढलेल्या चिंधीमागे चित्ता धावतो, तो कार्यक्रम काही सेकंदांचा असतो. फोन काढत बसू नये.

खटकली ती पिल्लांना हात लावण्याची सोय, तीही वेगळे शुल्क आकारून. आमच्या गटातील काहींनी रांग लावली, मी लावली नाही. रानात पिल्लू साधारण दीड वर्ष आईसोबत राहून शिकार शिकते. माणसांच्या हातांत वाढलेल्या पिल्लाला रानात सोडणे फार अवघड असते. मग ‘संवर्धन केंद्र’ या पाटीचा अर्थ काय, आणि मोठी झालेली पिल्ले जातात कुठे, असे मी विचारले, तेव्हा ‘इतर उद्यानांत’ एवढेच मोघम उत्तर मिळाले. नामिबियातून २०२२ साली आणि दक्षिण आफ्रिकेतून २०२३ साली कुनोत चित्ते आणल्यापासून आपल्याकडच्या पर्यटकांना या विषयात रस आहे. त्यांना याहून नेमकी माहिती मिळायला हवी.

जायचेच असेल, तर सहल कंपनीकडून सकाळची वेळ मागून घ्यावी, कारण दुपारी बहुतेक चित्ते सावलीत झोपलेले असतात, आणि पिल्लांचे शुल्क मूळ दरात धरलेले असल्यास ते वगळून घ्यावे. उपाहारगृहात शाकाहारी मंडळींना बटाट्याचे काप आणि सॅलड यांपलीकडे काही मिळाले नाही.