एसटीडी थ्रेड काही महिने वापरून: सगळं छान, पण स्टॅकचं काय?

आमचा सी प्लस प्लसचा जुना कोड थेट पीथ्रेडवर होता (लिनक्स-युनिक्सची थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमात समांतर चालणारी कामं, काढायची सोय). विंडोजसाठी वेगळी फाइल, तिच्यात थ्रेड काढायला बिगिनथ्रेडएक्स आणि लॉकसाठी क्रिटिकल सेक्शन. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा. शेवटी सगळं एसटीडी थ्रेडवर, म्हणजे भाषेच्याच स्टँडर्ड लायब्ररीतल्या थ्रेडवर नेलं. लॅम्डा (जागेवरच लिहिलेलं फंक्शन) दिला की थ्रेड सुरू, व्हॉइड पॉइंटरची कसरत बंद. लॉक गार्डमुळे अनलॉक राहून जायची भीतीही गेली. तेव्हा विचारलं असतंत तर डोळे झाकून पाच तारे दिले असते.

मग खर्च कमी करायचा म्हणून डेबियन लिनक्सची इमेज सोडून छोटं अल्पाइन लिनक्स घेतलं. (जागा फुकट वाचतेय तर का सोडा?) बिल्ड झाली, टेस्ट हिरव्या, आणि खरी मोठी जेसन फाइल आली की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम आडवा. जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी) काढला तर पार्सरचं एकच फंक्शन पानंच्या पानं स्वतःलाच बोलावतंय. मुख्य थ्रेडवर तीच फाइल बिनबोभाट चालते! घोळ स्टॅकचा, म्हणजे फंक्शनच्या प्रत्येक कॉलसाठी थ्रेडला लागणाऱ्या जागेचा. डेबियनच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत नव्या थ्रेडला सहसा यूलिमिटमधले (सिस्टमच्या मर्यादेतले) ८ एमबी मिळतात, अल्पाइनच्या मसल या सी लायब्ररीत १२८ केबी. मॅकवर ५१२ केबी.

बरं, वाढवू म्हटलं. पण कुठून? पीथ्रेडमध्ये त्यासाठी सेटस्टॅकसाइझ आहे, १९९५च्या पॉझिक्सपासून. एसटीडी थ्रेडमध्ये सोयच नाही. नेटिव्ह हँडल (खालच्या मूळ थ्रेडचा दुवा) मिळतं, तेही थ्रेड सुरू झाल्यावर. वरातीमागून घोडं. बूस्ट लायब्ररीला ही सोय आहे, क्यूटीच्या क्यूथ्रेडला आहे, रस्ट भाषेलासुद्धा आहे. सी प्लस प्लस २०ने जेथ्रेड आणला, तो आपोआप जॉइन होतो (थ्रेड संपेपर्यंत थांबतो), कौतुक आहे. स्टॅकचा आकार मात्र तिथेही सांगता येत नाही. लिंकरला (बिल्डमध्ये तुकडे जोडणारं साधन) झेड स्टॅक-साइझ दिलं तर मसल ऐकतं, पण मग तो आकडा सरसकट सगळ्या थ्रेडना लागतो आणि बिल्ड फाइलीत कुठेतरी दडून बसतो.

चिडून सगळं परत पीथ्रेडवर नेणार होतो. पण विंडोजची बिल्ड बघून हात आवरला: म्यूटेक्स (लॉक), कंडिशन व्हेरिएबल, ॲटॉमिक अशी थ्रेडचा ताळमेळ राखणारी एसटीडीची साधनं, एकाही ओळीला हात न लावता चालत होतं. म्हणून आता फक्त थ्रेड काढणारी छोटी फाइल नेटिव्ह (पीथ्रेड किंवा विंडोजची) ठेवलीय, बाकी सगळं एसटीडीचं. पीथ्रेडने काढलेल्या थ्रेडमध्ये एसटीडी म्यूटेक्स बिनधास्त चालतो. विंडोजवर तर बिगिनथ्रेडएक्सचा दुसराच पॅरामीटर स्टॅकचा.

साडेतीन तारे. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) काढा म्हणणाऱ्यांनो, पार्सर आमचा नाही. आणि बूस्ट घ्या म्हणणाऱ्यांनो, एका आकड्यासाठी एवढं लटांबर आणायचं, तर इमेज बारीक करायचा खटाटोप कशाला केला?