प्लास्टरमधील पाय आणि विमान कंपनीची साहाय्यसेवा

घोट्याचे हाड मोडून गुडघ्याखाली प्लास्टर घातलेले असताना मला विमानाने जावे लागले. त्या वेळी घेतलेल्या साहाय्यसेवेविषयी हा अभिप्राय आहे. आगाऊ दूरध्वनी केला तेव्हा प्लास्टर केव्हा घातले, हा पहिलाच प्रश्न आला आणि तो योग्यच होता. उंचीवर केबिनमधील हवेचा दाब कमी झाल्याने प्लास्टरमध्ये अडकलेली हवा प्रसरण पावते, पायाची सूजही वाढू शकते, म्हणून अनेक कंपन्या दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी २४, तर त्याहून लांबच्या प्रवासासाठी ४८ तास थांबायला सांगतात.

व्हीलचेअर वेळेवर आली. ती ढकलणारा कर्मचारी लिफ्टच्या फटीपाशी खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी आत घेत असे, त्यामुळे पायाला एकही धक्का बसला नाही. आसनाबाबत मात्र निराशा झाली. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस रांग नियमानुसार मिळणार नव्हतीच, परंतु मार्गिकेकडील आसनाचे आश्वासन देऊन प्रत्यक्षात मधले दिले गेले. कुबड्या उड्डाणापूर्वी वरच्या कप्प्यात ठेवल्या, तेही रास्तच. पण पुढे स्वच्छतागृहाला जाण्यासाठी त्या परत मिळवायला मला तीनदा घंटी वाजवावी लागली.