न्यूयॉर्कची बास्केटबॉल सहल : मैदाने दिसली, गार्ड राहून गेले

न्यूयॉर्कमधील नावाजलेली बास्केटबॉल मैदाने पायी आणि सबवेने फिरवून दाखवणारी अर्ध्या दिवसाची एक सशुल्क सहल मी गेल्या जुलैत माझ्या भाच्याला घेऊन केली. माझे म्हणणे सहल चालवणाऱ्यांपेक्षा तिच्या आखणीविषयी अधिक आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. शुल्क माफक होते. सबवेचे भाडे मात्र आपले आपण भरायचे होते आणि ही गोष्ट नोंदणी करताना स्पष्ट सांगितलेली नव्हती. आम्ही पंधरा जण होतो. मार्गदर्शकाचा आवाज खणखणीत असला तरी फलाटावर गाडी आली की त्याचे निम्मे बोलणे वाहून जाई, आणि तो ते पुन्हा सांगत नसे.

ही सहल मी इतक्या बारकाईने का पाहिली, ते आधी सांगायला हवे. मी 1987 साली शिकायला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आलो आणि लेफ्राक सिटी या उंच इमारतींच्या वसाहतीजवळ एका खोलीत राहू लागलो. त्याच वसाहतीत वाढलेला केनी अँडरसन नावाचा एक सडपातळ, डावखुरा मुलगा तेव्हा आर्चबिशप मलॉय या शाळेकडून खेळत असे. शाळकरी मुलाचा खेळ बघायला मोठी माणसे ऑफिसातून लवकर निघतात, हे मला प्रथम खोटेच वाटले होते. 1989 च्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर मी मलॉयच्या व्यायामशाळेत गेलो, तेव्हा दाटीवाटीत उभे राहण्यापुरती जागा मिळाली. अँडरसनचा वेग डोळ्यांत भरत असे, पण त्याहून अधिक लक्षात राहत असे ते त्याचे थबकणे. चेंडू हाताखालीच ठेवून तो क्षणभर थांबल्यासारखा करी, समोरचा खेळाडू टाचांवर आला की त्याच्या बगलेतून निघून जाई, आणि पास मात्र तिसऱ्याच दिशेला गेलेला असे. त्याने शाळेच्या चार वर्षांत 2,621 गुण केले आणि तो राज्याचा विक्रम ठरला. त्याचे प्रशिक्षक जॅक करन 1958 पासून 2013 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच शाळेत होते, आणि तेही बास्केटबॉल व बेसबॉल अशा दोन्ही संघांचे प्रशिक्षक म्हणून.

तेव्हा सहलीकडून माझी अपेक्षा साधी होती. या शहराने घडवलेले गार्ड, म्हणजे चेंडू हाताळत संघाचा खेळ चालवणारे खेळाडू, मला भाच्याला दाखवायचे होते. तो ठाण्यात शाळेच्या संघात पॉइंट गार्ड म्हणून खेळतो आणि नागपाड्याच्या मैदानावर मुंबईतील मोठ्या मुलांचा खेळ पाहून आलेला आहे, त्यामुळे गल्लीतले बास्केटबॉल म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही.

पहिला थांबा वेस्ट फोर्थ स्ट्रीटचा, ज्याला सगळे ‘केज’ म्हणजे पिंजरा म्हणतात. सहलीतला हा भाग उत्तम होता. स्टेशनच्या जिन्यावरून वर आलो की मैदान समोरच. बसायला जागा नाही, पदपथावर उभे राहून जाळीतून पाहायचे. मैदान नियमातल्या मापापेक्षा लहान आहे आणि कडेची रेषा जाळीला जवळजवळ चिकटलेली आहे. “मामा, इथे कडेने पळायला जागाच नाही,” असे भाचा म्हणाला, आणि मार्गदर्शकाने दहा मिनिटांत जे सांगितले नाही ते या एका वाक्यात आले. जागा नसली की चेंडू हाताला जखडून ठेवावा लागतो, खांद्याचा धक्का सोसावा लागतो आणि आडव्या हालचालीने वाट काढावी लागते. त्यात शहरातल्या अनेक उघड्या मैदानांवर दुहेरी कडीची कठीण रिंग असते, जिच्यावर लांबून मारलेला चेंडू टणकन उडून बाहेर जातो, आणि वारा असतोच. लांबून मारण्यात तोटा आणि आत घुसण्यात फायदा, हा हिशेब मुले दहाव्या-बाराव्या वर्षी शिकतात. शिवाय हरलेला संघ बाहेर जातो आणि पुन्हा पाळी यायला तासभर लागू शकतो, म्हणून चेंडू गमावणाऱ्याला कोणी आपल्यात घेत नाही. न्यूयॉर्कचे गार्ड ड्रिबलमध्ये, म्हणजे चेंडू टप्पे देत नेण्यात, अव्वल आणि लांबच्या फेकीत कच्चे, असे जे वर्षानुवर्षे म्हटले गेले, त्याचे माझ्या मते बरेचसे उत्तर या जाळीपाशी मिळते.

तेथून डी गाडीने आम्ही हार्लेममध्ये 155 व्या रस्त्यावरील रकर पार्कला गेलो. रस्त्यापलीकडे जुन्या पोलो ग्राउंड्स स्टेडियमच्या जागी उभी राहिलेली निवासी संकुले आहेत. 2021 साली नूतनीकरण झाल्यापासून मैदान देखणे झाले आहे, फोटो छान येतात. मार्गदर्शकाने येथे सर्वांत जास्त वेळ घेतला आणि तो बहुतेक उंच उड्यांच्या दंतकथांवर घालवला. कोणी बोर्डाच्या माथ्यावरून नाणे उचलले, कोणी कोणाच्या डोक्यावरून उडी मारली, वगैरे. ऐकायला मजा येते, हे मान्य आहे. परंतु ज्याच्या नावाने हे मैदान आहे, तो होल्कम रकर हा शहराच्या उद्यान खात्यातला क्रीडांगण-संचालक होता, मुलांनी रस्त्यावरून शाळेत आणि शाळेतून कॉलेजात जावे म्हणून त्याने स्पर्धा सुरू केल्या आणि तो 1965 साली चाळिशी गाठण्याआधीच वारला, हे सारे मार्गदर्शकाने दीड वाक्यात उरकले. रेफर ऑल्स्टनचा उल्लेख झाला, पण येथेच गाजलेला हा गार्ड क्वीन्समधल्या कार्डोझो या सरकारी शाळेचा विद्यार्थी होता, हे सांगायचे राहिले.

तिसरा थांबा डिकमनचे मैदान. येथे सांगण्यासारखे फार नाही. सामना संध्याकाळी असतो आणि आम्ही दुपारी पोहोचलो. रिकामे मैदान, कडक ऊन आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा, जो चांगला होता.

सहल येथे संपली. माझी मुख्य तक्रार अशी की शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे विभागांपैकी, एकाच बरोमध्ये, मॅनहॅटनमध्ये, ती सुरू होते आणि तेथेच संपते. शहराचे थोर गार्ड मात्र बहुतेक मॅनहॅटनबाहेरचे आहेत. नेट आर्चिबाल्ड, ज्याने एनबीए या व्यावसायिक लीगच्या 1972-73 च्या हंगामात सरासरी 34 गुण आणि 11.4 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशा दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला, तो साउथ ब्राँक्सचा. रॉड स्ट्रिकलंडही ब्राँक्सचाच. ड्वेन ‘पर्ल’ वॉशिंग्टन ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिलचा. त्याने बॉइज अँड गर्ल्स हायस्कूल गाजवले, सिरॅक्युज विद्यापीठात गेल्यावर 1984 च्या जानेवारीत बॉस्टन कॉलेजविरुद्ध अर्ध्या मैदानावरून शेवटच्या क्षणी चेंडू टाकून सामना जिंकला आणि तसाच धावत आत निघून गेला. 2016 साली तो गेला तेव्हा तो अवघा 52 वर्षांचा होता. मार्क जॅक्सन ब्रुकलिनच्याच बिशप लॉक्लिन शाळेचा. तो ना फार वेगवान होता, ना उंच उडणारा. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून, कमरेने त्याला एकेक पाऊल मागे रेटत रिंगपर्यंत नेण्याची त्याची रीत इतकी त्रासदायक ठरली की पुढे एनबीएने अशा रेटण्यावर पाच सेकंदांची मर्यादा घातली आणि लोक त्या नियमाला त्याच्याच नावाने ओळखू लागले. एका गार्डची ही सवय थेट नियमपुस्तकात पोहोचली. सहलीत यांपैकी एकाही शाळेचे दार दिसत नाही. हार्लेममधली राइस ही शाळा, जिथे केंबा वॉकर हा गार्ड शिकला, ती तर 2011 मध्ये बंदच झाली. रकरपासून ती फार दूर नव्हती, आणि तिच्या इमारतीवरून नुसते चालत नेले असते तरी गुणी मुले शहर सोडून बाहेरच्या निवासी शाळांत का जाऊ लागली, हा विषय निघाला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच कोनी आयलंडला गेलो. डी गाडी थेट शेवटच्या स्टेशनपर्यंत जाते. तेथून करमणुकीचे पाळणे मागे टाकून पश्चिमेकडे चालत राहिले की सर्फसाइड गार्डन्स ही सरकारी वसाहत लागते. स्टीफन मार्बरी येथला. थोरले भाऊ आधी खेळून गेले होते. त्यांच्यामागून आलेल्या या गार्डने 1995 मध्ये लिंकन हायस्कूलला शहराचे विजेतेपद मिळवून दिले. मार्बरीच्या नात्यातल्याच सबॅस्टियन टेलफेअरने याच शाळेतून अँडरसनचा गुणांचा विक्रम मोडला आणि 2004 मध्ये तो कॉलेजला न जाता एनबीएत गेला. 2009 मध्ये लिंकनच्याच लान्स स्टीफनसनने टेलफेअरला मागे टाकले. मार्बरीने 2006 साली स्वतःच्या नावाचा बूट 14.98 डॉलरला विकायला काढला होता, कारण वसाहतीतल्या मुलांना शंभर-दीडशे डॉलरचे बूट परवडत नाहीत, हे त्याला घरातूनच ठाऊक होते. पुढे तो चीनला गेला, बीजिंगसाठी तीन विजेतेपदे जिंकली, आणि तेथे त्याचा पुतळा उभा राहिला. भाच्याला पुतळ्यापेक्षा बुटाची गोष्ट अधिक आवडली.

समुद्राचा वारा अंगावर घेत त्याने तेथल्या मुलांबरोबर दोन डाव खेळून पाहिले. पहिल्याच डावात एका बारीकशा मुलाने त्याच्याकडून तीनदा चेंडू काढून घेतला. दुसऱ्या डावात एकदाच.

ज्यांना न्यूयॉर्कमध्ये एकच दिवस आहे आणि रकरचे छायाचित्र हवे आहे, त्यांनी ही सहल घ्यायला हरकत नाही. मात्र संध्याकाळची फेरी निवडावी, म्हणजे डिकमनला सामना पाहायला मिळेल. ज्यांना गार्डांमध्ये रस आहे, त्यांनी पैसे वाचवून डी गाडी पकडावी. रकर, केज आणि कोनी आयलंड ही तिन्ही ठिकाणे त्याच एका मार्गावर आहेत. क्वीन्ससाठी मात्र वेगळी गाडी घ्यावी लागेल आणि मलॉयमध्ये सामना पाहायचा तर हिवाळ्यात यावे लागेल.