डिस्प्लेवर 192, फिल्टरमध्ये 48: एका होम थिएटर रिसीव्हरचे परीक्षण

मधल्या किमतीच्या या सात चॅनलच्या रिसीव्हरच्या खोक्यावर 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) आणि 192 किलोहर्ट्झ (सॅम्पलिंग रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने) हे आकडे ठळक छापलेले आहेत, आणि तशी फाइल लावली की डिस्प्लेवरही 192 उमटते. मात्र तो आकडा आत येणाऱ्या सिग्नलचा असतो. स्पीकरपर्यंत काय पोहोचते, हे डिस्प्ले सांगत नाही. फ्रंट चॅनलच्या प्री-आउटमधून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या आउटपुटमधून, सिग्नल संगणकावर घेऊन पाहिला, तेव्हा रूम करेक्शन (खोलीमुळे आवाजात येणारे दोष फिल्टरने सुधारणारी सोय) चालू असताना आलेख 24 किलोहर्ट्झच्या जरा अलीकडेच कड्यासारखा तुटला होता, तर ही प्रक्रिया वगळणाऱ्या डायरेक्ट मोडमध्ये तीच फाइल त्याच्याही बरीच पुढे गेली. डिजिटल आवाजात रेटच्या निम्म्यापर्यंतच्याच फ्रिक्वेन्सी मावतात; थोडक्यात, करेक्शन 48 किलोहर्ट्झवर चालते आणि त्याहून जास्त रेटचे जे येईल ते आधी तिथवर उतरवले जाते.

यामागे कंजुषी आहे, पण ती समजण्याजोगी आहे. खालच्या सुरांवर तितकीच बारीक पकड ठेवणारा एफआयआर फिल्टर (ताज्या आणि आधीच्या ठरावीक नमुन्यांची वजन देऊन बेरीज करणारा) 192 किलोहर्ट्झवर चालवायचा, तर फिल्टरची लांबी चौपट होते आणि दर सेकंदाचे नमुनेही चौपट होतात, म्हणजे सरळ हिशेबाने सोळापट गणित, तेही प्रत्येक चॅनलसाठी.

ऐकताना यातले किती हरवते? माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि 48 किलोहर्ट्झच्या रेटमध्ये तेवढे व्यवस्थित मावते. उलट खोली जे बिघडवते ते कोणालाही ऐकू येते. खोलीची लांबी 3.8 मीटर असेल तर पहिला अनुनाद सुमारे 45 हर्ट्झला येतो आणि बास गिटारचे काही सूर इतरांवर कुरघोडी करतात. या रिसीव्हरच्या करेक्शनने तो फुगवटा बराच सपाट केला. डायरेक्ट मोडमध्ये तो परत आला, शिवाय स्टिरिओ ऐकताना सबवूफर गप्प झाला आणि लहान स्पीकरांवर नको तो भार पडला. डायरेक्ट मोड सुरुवातीला अधिक मोकळा वाटतो हे खरे, पण तो थोडा मोठ्यानेही वाजत होता. दोन्हींची पातळी मीटरने जुळवल्यावर त्या मोकळेपणातले फारसे काही उरले नाही.

डीएसडी फाइलींचीही (आवाज एकेका बिटने, पण फार वेगाने नोंदवणारा प्रकार) हीच गत आहे: एक बिटच्या त्या प्रवाहावर असे फिल्टर लावता येत नसल्याने करेक्शन चालू करताच त्याचे पीसीएममध्ये, म्हणजे नेहमीच्या अनेक बिटांच्या नमुन्यांमध्ये, रूपांतर होते. अ‍ॅनालॉग इनपुटला जोडलेला टर्नटेबलही डायरेक्ट मोड वगळता डिजिटल होऊनच बाहेर पडतो.

माझी तक्रार या काटछाटीबद्दल नाही, ती लपवण्याबद्दल आहे. माहितीपुस्तिकेत स्पीकरच्या तारा सोलण्याची सचित्र पाने आहेत, पण करेक्शन कोणत्या रेटवर चालते याची एक ओळही नाही. चित्रपट आणि संगीत दोन्हींसाठी हा रिसीव्हर मी करेक्शन चालू ठेवूनच सुचवीन. केवळ 192 च्या आकड्यासाठी वरचे मॉडेल घेऊ पाहणाऱ्याने तो पैसा दुसऱ्या सबवूफरवर खर्च करावा. पाचपैकी साडेतीन तारे.